मिलमध्ये घुबड शिरलं म्हणे

— काहो वहिनी, तिकडच्या राईस मिलमध्ये घुबड शिरलं म्हणे!

— शिरलं न् गेलंही. तुमाले आज समजलं? आमचे हे तिथंच मुनीम आहेत ना.

— बाप्पा! मंग?

— कबुतरं येतात म्हणून मालकानं टिनाखालचा झरोका पत्र्यानं बंद केला. हे आत होतं, कोणाले पत्ताच नाही. खाली धानाची भरडाई, धुरळा, हमालांचा गोंधळ, न् ते वर कैचीवर. एकानं बांबू फिरवला तर उडून भिंतीवरच आपटलं. मालकाची आई म्हणे, लक्ष्मीचं वाहन आहे, मारू नका. मालक म्हणे, अपशकुन आहे, काढा. एक जण तर हळूच त्याचं नख मागत होता, नाव नाही घेत मी.

— कोण, तो कोपऱ्यावरचा?

— मी बोलली का काही? पण पकडलं असतं तर सरळ केस झाली असती. 1972 च्या वन्यजीव कायद्यात घुबडही येते.

— आपल्याकडं सारस दिसला की अख्खा गोंदिया मोबाइल काढते, घुबड दिसलं की बांबू काढते. मंग काढलं कोणी?

— ह्यांनी 1926 वर फोन लावला, वनखात्याचा नंबर आहे तो. ती पोरं आली, पहिले बांबू टाकायला लावला. मोटर बंद, लाइट बंद, माणसं बाहेर. सांजेला मोठं शटर पूर्ण वर केलं. आत अंधार असला की बाहेरचा उजेड तेवढा दिसते, तिकडंच जाते म्हणे. जखमी असतं तर जाड कपडा टाकून, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवलं असतं. तोंडात पाणी मात्र ओतायचं नाही, श्वासनळीत जाते.

— न् गेलं आपल्या मनानं?

— ह्यांच्या डोक्यावरून गेलं, आवाजच नाही! पंखच तसे असतात, उंदराले चाहूल लागत नाही. पांढरं तोंड, पत्त्यातल्या बदामासारखं. गव्हाणी घुबड म्हणतात त्याले.

— मले तर पाहूनच भेव लागलं असतं.

— खरी गंमत पुढंच आहे. कैचीखाली काळ्या गोळ्या पडल्या होत्या, मालक ओरडत होते काय घाण आहे म्हणून. त्या पोरानं एक फोडून दाखवली, तर आत उंदराची कवटी! हाडं-केस पचत नाहीत, ते ओकून टाकते. म्हणजे किती दिवसांपासून तिथं फुकटची राखण चालू होती, न् इकडं मालक उंदरांसाठी औषध आणून राहिले. ते खाल्लेला उंदीर घुबडानं खाल्ला तर तेही मरते.

— झरोका उघडून द्या म्हणा मग!

— ह्यांनी म्हटलं ना. तर मालक म्हणे, न् कबुतरं घुसतील त्याचं काय?

— ते मात्र खरं आहे हो.