उसनी बंदूक आणि शमीचे झाड

मराठी गृहव्यवस्थेत उसनवारी, म्हणजे वस्तू एकाची आणि वापर दुसऱ्याचा, ही संस्था कोणत्याही कागदावाचून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असून तिचे नियम अलिखित असले तरी सर्वमान्य आहेत: नेलेली साखर परत करताना वाटी शिगेची असावी, विरजण परत मागू नये, दिवाळीला नेलेला चकलीचा सोऱ्या संक्रांतीला येतो आणि येताना त्याची एक चकती हमखास कमी असते, हे धरून चालावे, आणि पुस्तक दिले असल्यास ते दानात जमा करावे. या साऱ्या देवघेवीत बंदूक ही मात्र अशी वस्तू आहे की तिच्या बाबतीत शेजारधर्म, जुनी मैत्री आणि भिडेखातर दिलेला होकार या तिन्हींची किंमत संसदेने शस्त्र अधिनियम, १९५९ करून शून्यावर आणली आहे.

या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमानुसार अग्निशस्त्र, म्हणजे स्फोटक द्रव्याच्या जोराने गोळी किंवा छर्रे फेकणारे शस्त्र, परवान्यावाचून जवळ बाळगता येत नाही. परंतु त्याच कलमाला जोडलेल्या परंतुकात, म्हणजे मूळ नियमातून वाट काढून देणाऱ्या पुरवणी वाक्यात, मैत्रीला थोडी जागा ठेवलेली आढळते. परवानाधारक समक्ष हजर असेल किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर परवाना नसलेल्या माणसालाही त्याची बंदूक वाहून नेता येते, मात्र ती दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्या धारकाच्याच वापरासाठी. थोडक्यात, मित्राची बंदूक खांद्यावर घेऊन त्याच्यामागून डोंगर चढण्यास कायद्याची ना नाही, पण रानडुक्कर समोर आल्यावर ती अदबीने मालकाच्या हाती द्यावी लागते, आणि हा हस्तांतरणाचा विधी पार पडेपर्यंत डुकराने कोठे उभे राहावे, याविषयी अधिनियम मौन बाळगतो. मैत्रीची हमालीच्या भाषेत केलेली इतकी निर्मळ व्याख्या अन्य कोणत्याही शास्त्रात क्वचितच आढळेल.

देणाऱ्याची स्थितीही फारशी सुखाची नाही. सोऱ्या देऊन बसलेला गृहस्थ फार तर भोळा ठरतो. पण समोरच्याला शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे याची आधी खात्री करून न घेता बंदूक त्याच्या ताब्यात देणारा एकोणतिसाव्या कलमाखाली गुन्हेगार ठरतो. ज्या समाजात मित्राकडे पन्नास रुपयांची पावती मागणे हा आयुष्यभराचा अबोला ओढवून घेण्याचा खात्रीचा मार्ग समजला जातो, त्या समाजात न मागणे हाच अपराध ठरवणे, ही संसदेची थोर सामाजिक सुधारणा मानावी लागेल. दोघेही परवानाधारक असून बंदूक कायमचीच द्यायची झाली, तरी जिल्हा दंडाधिकाऱ्यास किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास तसे लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. एवढ्या अवधीत डुकरांनी उभे पीक निकालात काढलेले असते आणि बंदुकीची निकड आपोआप संपलेली असते. त्यातही २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळच्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणल्यामुळे, ज्याच्याजवळ आधीच दोन आहेत, त्याला तिसरी देऊ पाहणाऱ्याच्या औदार्याला काही वावच उरत नाही. (विळी आणि कोयता यांची उसनवारी मात्र निर्धास्तपणे चालू ठेवावी, कारण शस्त्रांच्या व्याख्येतून घरगुती आणि शेतीच्या अवजारांना वगळलेले आहे.)

सांभाळायला ठेवण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने जाणारे मराठी दाम्पत्य शेजाऱ्याकडे किल्ल्या, तुळशीला पाणी घालण्याची जबाबदारी आणि वीजबिलाचे पैसे सोपवते, आणि शेजारीही ते सारे हसतमुखाने स्वीकारतो. त्याच पिशवीत बारा बोअरची बंदूक मात्र घालता येत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा शस्त्रे ठेवून घेण्याचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते, आणि परतल्यावर तुळस जळून गेलेली दिसली तरी बंदूक जिथल्या तिथे सापडते.

या व्यवस्थेचा खरा अनुभव कोकणातील आणि गोव्यातील शेतकऱ्याइतका कोणालाच नसावा. पीक संरक्षणासाठी दिलेल्या परवान्यावर त्याच्याकडे पुष्कळदा ठासणीची बंदूक असते, म्हणजे जिच्या नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरून ते गजाने ठासून बसवावे लागतात अशी. निवडणूक जाहीर झाली की शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात, आणि कोणाची बंदूक घ्यायची व कोणाची ठेवायची हे छाननी समिती ठरवत असली तरी व्यवहारात ठाण्याची वाट अनेकांना धरावीच लागते. ज्या बंदुकीने फार तर एखादे वानर घाबरते, तिने लोकशाहीला धोका पोहोचू नये म्हणून ती बिल्ला बांधून ठाण्याच्या कोपऱ्यात उभी केली जाते आणि बागेत, जिथे आचारसंहिता लागू नाही, तिथे वानरे शहाळ्यांचा कार्यक्रम बिनविरोध उरकून घेतात. गावात चार निवडणुका पाहिलेल्या माणसाला मतमोजणीपेक्षा बंदूक परत मिळण्याच्या तारखेची उत्सुकता अधिक असते, हे राज्यशास्त्राच्या अभ्यासकांच्या नजरेतून निसटलेले दिसते.

शस्त्रे ठेवायला देण्याची सर्वांत प्रसिद्ध घटना महाभारतातील असून, दसऱ्याला शस्त्रांबरोबर शमीची पूजा होते ती तिच्याच आठवणीने, असे परंपरा सांगते. अज्ञातवासात शिरताना पांडवांनी आपली आयुधे शमीच्या झाडावर बांधली, कोणी जवळ फिरकू नये म्हणून शेजारी एक प्रेत टांगले आणि विचारणाऱ्या गुराख्यांना, ही आमची एकशे ऐंशी वर्षांची आई, असे सांगितले. आजच्या नियमांप्रमाणे या ठेवीत पावती नाही, कुलूपबंद कपाट नाही आणि ठेवीदाराने प्रेताविषयी दिलेली माहितीही खोटी आहे. तथापि त्या झाडावरचे गांडीव धनुष्य अर्जुनाचे स्वतःचे नव्हतेच, ही गोष्ट सहसा विसरली जाते: खांडववन जाळण्याच्या वेळी अग्नीने ते वरुणाकडून मागून आणून अर्जुनास दिले होते. महाप्रस्थानाच्या वाटेवर तोच अग्नी आडवा आला आणि वरुणाची वस्तू वरुणास परत कर म्हणाला, तेव्हा अर्जुनाने धनुष्य आणि त्यासोबतचे दोन्ही भाते मुकाट्याने पाण्यात सोडले. भाते अक्षय असल्यामुळे किती बाण वापरले याचा हिशेब त्याला कोणी विचारला नाही.