चांदवडला नेमणूक झालेल्या तरुण पाद्र्यांसाठी सूचना

या सूचना खरं तर १८३२ सालीच छापून व्हायला हव्या होत्या. त्या वर्षी चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकला ठाणं मांडलं आणि विलायतेहून तरुण पाद्री येऊ लागले. मजकूर जुळवायला जरा वेळ लागला. मधल्या काळात कित्येक उमेदवार सूचनांवाचून आले, राहिले, आणि काही इथल्याच मातीत पुरले गेले. झाल्या विलंबाबद्दल दिलगिरी आहे.

ज्याचं वय पंचविशीच्या अलीकडे-पलीकडे आहे, ज्याला ग्रीक आणि लॅटिन येतं पण चूल पेटवता येत नाही, आणि जगाचा उद्धार आपल्यावाचून अडला आहे अशी ज्याची प्रामाणिक समजूत आहे, अशा प्रत्येकाला या सूचना लागू आहेत. मोठी ठाणी नाशिकला आणि नगरला. चांदवडसारख्या गावी थंडीच्या दिवसांत बैलगाडी, तंबू आणि पुस्तकांच्या पेट्या घेऊन दौऱ्यावर यायचं असतं. उन्हाळ्यात येऊ नये. उन्हाळ्यात चांदवडकरसुद्धा नाइलाजानेच राहतात.

निघण्यापूर्वी

उमेदवाराने आधी गॉर्डन हॉल यांचं प्रकरण नीट वाचावं. हे अमेरिकन गृहस्थ फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले, तेव्हा त्यांना पहिला विरोध कुणा शास्त्रीबुवांनी केला नाही. कंपनी सरकारने केला. पाद्री आले की रयत बिथरते आणि रयत बिथरली की व्यापार बसतो, असं कंपनीचं शास्त्र होतं. हॉल आणि त्यांचे सोबती सॅम्युएल नॉट यांना परत धाडायचे हुकूम निघाले. अर्ज-विनंत्या करीत दोघं कसेबसे तग धरून राहिले. तेवढ्यात विलायतेत कंपनीची सनद बदलली आणि पाद्र्यांना दार उघडलं. तेव्हा उमेदवाराने पेटीत बायबलाखालोखाल कोरे अर्ज ठेवावेत.

तेरा वर्षांनी हेच हॉल नाशिकच्या दौऱ्यावर आले. गावात पटकीची साथ होती. त्यांनी जवळची पुस्तकं वाटली, औषधंही वाटली, आणि परतीच्या वाटेवर एका देवळाच्या ओसरीवर मुक्काम केला. तिथेच पटकीने त्यांना गाठलं. तारीख २० मार्च १८२६, वय एक्केचाळीस. ज्या देवांविरुद्ध ते इतकी वर्षं बोलत आले, त्यांच्यापैकीच एकाने शेवटच्या रात्री छप्पर दिलं आणि भाडं मागितलं नाही. उमेदवाराने देवळांविषयी काय बोलायचं ते बोलावं, पण ओसरीचे उपकार लक्षात ठेवून बोलावं. औषधांचा थोडा साठा स्वतःसाठी राखावा, हे सांगायला नकोच.

गावाविषयी गैरसमज

उमेदवाराला वाटतं, आपण जगाच्या टोकाला आलो, इथे परका माणूस कुणी पाहिलेला नसणार. हा गैरसमज वाटेतच सोडून यावा. चांदवड नाशिकपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यावर, सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी आहे. या वाटेने बैरागी गेले, व्यापाऱ्यांचे तांडे गेले, फौजा तर येऊन-जाऊन होत्या. होळकरांच्या अमदानीत इथे टांकसाळ होती आणि चांदवडी रुपया चालत असे. अहिल्याबाईंचा रंगमहाल इथे आहे, रेणुकामातेच्या देवळालाही त्यांचाच हात लागलेला. १८१८ साली होळकर जाऊन कंपनी आली, तेव्हाही बाजार भरायचा तो भरलाच. पुढे आगगाडी आली, तीही लासलगाव-मनमाडकडून परस्पर निघून गेली. चांदवडला स्टेशन मिळालं नाही ते नाहीच. त्यामुळे जे येतं ते पुढे जातं, अशी गावाची पक्की धारणा आहे. उमेदवाराच्या येण्याने गाव हादरेल ही आशा धरू नये.

चौकशी

तंबू ठोकून व्हायच्या आत माणसं जमतात आणि विचारपूस सुरू होते. कुठले? इकडं कसं काय येणं केलं? घरी कोण कोण? आई-वडील आहेत ना? लग्न झालं का? का नाही झालं? पगार किती? शेती किती? तुमच्याकडं औंदा पाऊस कसाय?

उमेदवाराच्या देशात यातला एक प्रश्न जरी अनोळखी माणसाने विचारला तरी ओळख तिथेच संपते. इथे ती यातूनच सुरू होते. उत्तर टाळलं तर गाव समजतं की विलायतेत काहीतरी भानगड करून आलाय. म्हणून खरं सांगावं. मात्र खरं सांगितल्यावर जे होतं त्याचीही तयारी ठेवावी. शेती नाही म्हटल्यावर लोकांचे चेहरे पडतात. लग्न नाही म्हटल्यावर म्हाताऱ्या बायका चुकचुकतात. समुद्रापलीकडून बिनशेतीचा, बिनलग्नाचा, आईला सोडून आलेला पोरगा म्हणजे याला भावांनी वाटणीत फसवून घराबाहेर काढलेला दिसतोय, असा निष्कर्ष संध्याकाळपर्यंत वेशीबाहेर पोचतो. उमेदवार गावावर दया करायला आलेला असतो आणि पहिल्याच दिवशी गाव त्याच्यावर दया करून मोकळं होतं. ही दया नाकारू नये. तिच्याबरोबर बहुधा जेवण येतं.

जेवण

“जेवलात का?” हा प्रश्न दिवसभरात केव्हाही येतो. “हो” म्हटलं तर विचारणाराला खरं वाटत नाही, “नाही” म्हटलं तर त्याच्या घरची चूल पेटते. दोन्हींतून सुटका नसल्याने उमेदवाराने मुकाट्याने बसावं. सोवळ्याच्या घरी त्याचं पान ओसरीवर, बाहेरच्या बाजूला मांडलं जाईल. ज्यांना आपण अंधारातले समजतो त्यांच्या लेखी आपणच विटाळाचे आहोत, हे ज्ञान उमेदवाराला सेमिनरीत शिकवलेलं नसतं. चांदवडला ते फुकट मिळतं.

बाजरीची भाकरी हाताने मोडावी, सुरीकाटा पेटीतच राहू द्यावा. कांदा कापायचा नसतो. तो बुक्कीने फोडायचा असतो आणि पहिल्या बुक्कीत फुटला नाही तर पोरं हसतात. त्यांना हसू द्यावं. एका फुटलेल्या कांद्याने जी सलगी होते ती चार प्रवचनांनी होत नाही. ठेच्याच्या बाबतीत घाईने पाणी पिऊ नये. पाण्याने ठेचा विझत नाही, पसरतो. डोळ्यांतून पाणी आलं तर ते पश्चात्तापाचं आहे असं भासवून वेळ मारून न्यावी.

नव्या आवृत्तीत एक भर: आता चांदवडच्या बाजार समितीत कांद्याचे लिलाव होतात. लिलाव चालू असताना स्वर्गाच्या राज्याविषयी बोलू नये. भाव पडलेला असेल तर नरकाविषयीही बोलू नये; समोरचा माणूस तिथूनच आलेला असतो.

पाणी

इथे थट्टा थोडा वेळ बाजूला ठेवावी लागेल. या तालुक्यात पाणी कमी, आणि जे आहे त्याच्यावर पहारा जास्त. कोणी आडावर चढायचं आणि कोणी लांब उभं राहून वरून ओंजळीत पाणी घ्यायचं, हे गाव उमेदवाराला न विचारता शिकवेल. नाशिकजवळच्या जलालपूरला लहानपण गेलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपल्या वडिलांचं सोवळं लिहून ठेवलं आहे, बाजारातून आलेली जिन्नस अन् जिन्नस धुऊन घेणारे ते वडील ज्याने वाचले, त्याला या विषयावर दुसरं पुस्तक नको. “असंच असतं, विचारू नका,” असं गाव सांगेल. बाकी शंभर गोष्टींत गावाचं ऐकावं, ही एक गोष्ट मात्र जरूर विचारावी. पण आपण विचारली म्हणून सुटेल अशा भ्रमातही राहू नये. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह मांडावा लागला, म्हणजे उमेदवाराच्या आगमनानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. आणि तो मांडणारे पाद्री नव्हते, ज्यांना लांब उभं केलं होतं तेच होते.

भाषा

उमेदवार बोटीवरच मराठीचं व्याकरण पाठ करून येतो. बहुधा ते विल्यम कॅरी यांचं, १८०५ सालचं, म्हणजे महाराष्ट्र न पाहिलेल्या माणसाने बंगालात बसून छापलेलं असतं. उतरल्यावर त्याला पंडित मिळतो. पंडित त्याला अशी शुद्ध मराठी शिकवतो की ती चांदवडच्या बाजारात कुणालाच कळत नाही. मग मालेगावकडचा कुणी बाजारकरी पाठीवर थाप मारून “काय करी राह्यना भो?” म्हणतो आणि सहा महिन्यांचा अभ्यास त्या एका अहिराणी थापेत गळून पडतो.

अनुभवी लोकांचे दाखले पाहावेत. १८२९ साली आलेले जॉन विल्सन मुंबईत प्रवचनं झोडत बसले नाहीत. बायकोसह कोकणात हर्णैला जाऊन आधी मराठी गिरवत राहिले. त्याआधीचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला उतरले आणि त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालं १६१६ मध्ये. मध्ये सदतीस वर्षं गेली. ओव्या जवळपास अकरा हजार झाल्या. आणि आमचा उमेदवार सहाव्या आठवड्यात वरच्या साहेबाला लिहितो की लोक अजून ऐकत नाहीत.

तूर्त ‘तू’ आणि ‘तुम्ही’ सांभाळलं तरी पुष्कळ झालं. देवाला ‘तू’ आणि पाटलाला ‘तुम्ही’ म्हणायचं असतं. उमेदवार नेमकं उलट करतो आणि दोघांनाही खटकतो.

उपदेश

आठवडे बाजारात पेटीवर उभं राहून बोलायचं, अशी पद्धत आहे. शेजारी वैदू जडीबुटी विकत असतो, पलीकडे गारुड्याने टोपली उघडलेली असते. गर्दी कुठे होते हे पाहून खचू नये. संध्याकाळी देवळात कीर्तन असतं. बुवा पूर्वरंगात वेदान्त सांगतात, उत्तररंगात हसवतात, रडवतात आणि वर बुक्का लावून पाठवतात. त्यात चातुर्मासात जैन साधू येतात: अनवाणी, पायी, स्वतःचं काहीही जवळ न बाळगता. चार बैलगाड्या सामान घेऊन आलेल्या उमेदवाराने त्यांच्यासमोर वैराग्यावर बोलणं टाळावं.

कीर्तनकाराशी स्पर्धा करू नये, त्याच्याकडून टाळ मागून घ्यावा. हे गोऱ्या उमेदवारांना लवकर सुचलं नाही. नगरकडच्या मराठी ख्रिस्ती माणसांना सुचलं, आणि नाशिकला शिकलेल्या, १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी तर अभंगांतूनच येशू सांगितला. आज मराठी चर्चमध्ये ते गायले जातात. पेटीवर उभं राहून केलेली भाषणं कुणाला आठवत नाहीत.

खरी अडचण विरोधाची नाहीच. दगड बसले तर उमेदवाराला बरंच वाटतं, पत्रात लिहायला काहीतरी मिळतं. अडचण होकाराची आहे. चांदवडकर सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, “खरंय बाबा तुमचं. देव एकच.” मग येशूची तसबीर मागून घेतात आणि देव्हाऱ्यात रेणुकामाता आणि खंडोबा यांच्या शेजारी लावतात. सकाळी तिलाही हळदकुंकू. उमेदवाराने म्हणावं, बाकीचे देव काढा, त्यावर यजमान अत्यंत नम्रपणे म्हणतात, “बघू.” या शब्दापुढे मोठमोठे पाद्री हरले आहेत. “रविवारी येऊ की” हाही नकारच समजावा.

अहवाल

सहा महिन्यांनी वरून अहवाल मागवतात. त्यात किती लोक ख्रिस्ती झाले एवढाच रकाना असतो आणि तो भरताना उमेदवाराची झोप उडते. रकान्यात न बसणारी कामं खाली बारीक अक्षरात लिहावीत. बरेचदा तीच टिकतात. सिंथिया फॅरार या अविवाहित अमेरिकन बाई १८२७ च्या अखेरीस मुंबईला आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवू लागल्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुले पुण्याला परतले आणि सावित्रीबाईंनी फॅरारबाईंकडे शिक्षिकेचे धडे घेतले. दोघंही ख्रिस्ती झाले नाहीत, म्हणजे अहवालापुरतं शून्यच.

नाशिकच्या शरणपूरचंही तसंच. विल्यम प्राइस यांनी १८५४ मध्ये ते वसवलं. गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे वाढली, हातकामं शिकली. त्यांतला जेकब वेनराइट डेव्हिड लिव्हिंगस्टनचं शव घेऊन १८७४ साली लंडनला पोचला. पुढच्या वर्षी प्राइस यांनी मोंबासाजवळ वसाहत उभी केली, तेव्हा नाशिकला शिकलेली ही मंडळी तिथल्या कामाला लागली. म्हणजे नाशिक जिल्ह्यातून परदेशी प्रचारक पाठवण्याचाही अनुभव आपल्या गाठीला आहे. आज शरणपूर रोडवर गाडी लावायला जागा मिळाली तर तोच साक्षात्कार.

परत जाताना

वर्षं सरतात, तब्येत बिघडते आणि उमेदवाराला घरी बोलावणं येतं. या प्रसंगाची तयारी कुणीच करून देत नाही, म्हणून इथे देत आहोत. तिकडे पाऊस रोज पडेल. त्याबद्दल आनंद दाखवला तर लोक विचित्र नजरेने पाहतील. जेवणात तिखट काही नसेल. रस्त्यात कुणाला पगार किंवा शेती विचारू नये, पोलीस बोलावतात. आणि तुम्ही जेवलात का, हे तिथे कुणीही विचारणार नाही. मनाला लावून घेऊ नये, त्यांची तशीच पद्धत आहे.