एक जूनवाले सुटले!

"काकू, जरा हळू बोला. आत अभ्यास चालूय."

"पोराचा?"

"पोराचा असता तर दबकून कशाला बोलले असते? ह्यांचा. टीईटीचा."

"अगं बाई! सर परीक्षा द्यायलेत? ह्या वयात?"

"काय करतेत मग. 1996 ची ऑर्डर ह्यांची. तेव्हा ही टीईटी, शिक्षक पात्रता परीक्षा, कुणाच्या गावीबी नव्हती, आपल्याकडं पहिली झाली ती 2013 ला. आता 1 सप्टेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, पहिली ते आठवीवरच्या ज्या मास्तराची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरलीय त्यानं दोन वर्षांत पास व्हायचं. नाही झाला तर घरी."

"आन् पाचाच्या आतले?"

"ते सुटले. बिगर टीईटी प्रमोशन तेवढं मागायचं नाही. तिथंच तर घोळ झालाय. ह्यांच्या शाळेतले ते दुसरे सर, ह्यांचे लहानपणचे दोस्त. खरं बघितलं तर ह्यांच्याहून धाकटे. पण त्यांच्या वडलांना तारीख सांगता आली नाही, गुरुजीनं आपल्या मनानं 1 जून 1972 टाकली. आमचे सासरे पडले तलाठी! त्यांनी खरी तारीख घातली, 14 जानेवारी 1973, ऐन संक्रांत. आता ते मे 2030 ला रिटायर, म्हणून मोकळे. हे जानेवारी 2031 ला, म्हणून अडकले."

"म्हणजे तलाठ्याचा खरेपणा नडला म्हण की. तुझ्या काकांनीबी मास्तरकीत किती पोरं एक जूनला जन्माला घातली, त्याचा हिशोबच नाही बघ!"

काकू आणि वहिनी एवढ्या हसल्या की आतून खाकरण्याचा आवाज आला. काकूंनी लसणाचं सूप भिंतीवर ठेवलं आणि आवाज उतरवला.

"झेपायलंय का त्यांना?"

"रात्री अकरापर्यंत पियाजे, पियाजे करत बसतेत. पोराची अक्कल वयागणिक कशी वाढते, ते सांगून गेलेला कुणी साहेब आहे. दीडशे मार्काचा पेपर, खुल्याला नव्वद पायजेत. ते निवडश्रेणीचं ट्रेनिंग बरं होतं ओ. 2022 ला दोन हजार भरले, मोबाईलवर व्हिडिओ लावला, हे गेले दळण आणायला. सगळं ट्रेनिंग भाकरी थापता थापता मीच ऐकलं."

"बघ, म्हणूनच म्हणते, राग मानू नको. चोवीस वर्षांनी श्रेणी द्यायची ती असली व्हिडिओवर, मग कोर्टानं कान पिळला तर काय चुकलं? आमच्या माहेरच्या शाळेतला एक मास्तर, शाळेत कमी न् प्लॉटिंगात जास्त. चौथीच्या पोराला हातच्याची वजाबाकी येत नाही, आन् ह्याच्या गोपनीय अहवालात दरसाल चांगला शेरा. असल्याला धरायला नको?"

"धरा की! पण तो पास होणार काकू. पाठांतर चांगलंय त्याचं. वर्गात येऊन कुणी बसलं, पोरांना फळ्याजवळ बोलावलं, तर सापडंल तो. पुण्याहून आलेल्या पेपरात कसा सापडायचा?"

"आन् पाठांतर नसलेल्याचंबी कुठं अडलं? 2019 च्या टीईटीत मार्क विकले म्हणून परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच अटक झाली होती. सात हजारांवर लोकांचे निकाल रद्द केले नंतर."

आमचं मत विचाराल तर काकूंचा मास्तर आणि वहिनींचे सर, दोघांना एकाच चाळणीत घातलंय आणि चाळणीची भोकं तपासायचं कुणाच्या मनात नाही. पण भिंतीपलीकडून आमचं मत कोण विचारतंय!

"तुझ्या पोराचं काय मग? त्याचंबी डीएड झालंय ना?"

"तोबी बसायलाय. 23 नोव्हेंबरला बापलेक एकाच गाडीवर लातूरला. त्याला तर टीईटीनं भागत नाही, पुढं भरतीची टेट, मग पवित्र पोर्टल, आन् लागलाच तर तीन वर्षं शिक्षण सेवक, 16 हजारावर. म्हणून तो ह्यांच्यापेक्षा पेटून अभ्यास करतो. ह्यांना इंग्रजी जड जाते, तर तोच शिकवायलाय. काल चढ्या आवाजात म्हणाला, पप्पा, लक्ष कुठंय तुमचं?"

"आन् सर काय म्हणाले?"

"म्हणाले, सर, पुन्हा एकदा सांगा."