धन्य ते खुळे!

रविवारी सकाळी चिकन सेंटरसमोरच्या रांगेत एखादा खुळा भेटतोच. बाकीचे भाव विचारतात, तुकडे बारीक की मोठे ते सांगतात. हा विचारतो, "ही कोंबडी कुठल्या शेडची? हिला शेवटचं औषध कधी दिलं होतं?" दुकानदाराची सुरी ठोकळ्यावर थांबते, मागची माणसं चुळबुळ करतात. या खुळ्याची स्तुती करायला मी बसलो आहे, आणि ती अगदी मनापासूनची आहे.

त्याचं घराणं मोठं आहे. १९४५ साली अलेक्झांडर फ्लेमिंग पेनिसिलीनसाठी नोबेल घ्यायला गेले आणि ऐन सत्कारात त्यांनी धोका सांगितला: औषधाची मात्रा अपुरी पडली तर जंतू मरत नाहीत, ते औषध पचवायला शिकतात. लग्नाच्या मांडवात असं बोलणाऱ्याला आपण काय म्हणतो? शहाण्यांनी मग काही वर्षांतच नेमकं तेच केलं. खाद्यात रोज चिमूटभर अँटिबायोटिक घातलं की पिल्लं लवकर वाढतात, हे दिसलं आणि धडधाकट कोंबड्यांना औषध चारायचा रिवाज पडला.

दुसरे खुळे म्हणजे संशोधक स्टुअर्ट लेव्ही. बॉस्टनजवळच्या एका शेतावर त्यांनी ३०० पिल्लं ठेवली, निम्म्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन मिसळलं. आठवडाभरात त्या पिल्लांच्या आतड्यांतले जंतू औषधाला दाद देईनात. काही महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या पोटातही तसलेच जंतू निघाले. औषध घातलं होतं ते कोंबड्यांच्या दाण्यात. हे १९७६ साली छापून आलं. वाढीसाठी औषध वापरायला स्वीडनने १९८६ मध्ये बंदी घातली; युरोपीय संघाला तेवढा खुळेपणा सुचायला २००६ उजाडलं.

आपल्याकडची गोष्ट कोलिस्टिनची. मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून हे जुनं औषध डॉक्टरांनी बाजूला ठेवलं होतं. अतिदक्षता विभागात बाकी सगळी औषधं हरू लागली, तेव्हा त्यालाच परत बोलवावं लागलं. माणसांचा हा शेवटचा आधार कोंबड्यांच्या खाद्यातही जात होता. २०१५ साली चीनमधल्या संशोधकांनी कोलिस्टिनला हरवणारं एक जनुक शोधलं; ते एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जातं. दिल्ली परिसरातल्या कोंबडीचे ७० नमुने सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने तपासले होते. २०१४ च्या त्या तपासणीत ४० टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले. जुलै २०१९ मध्ये भारताने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना कोलिस्टिन देण्यावर बंदी आणली.

ती बंदी शेडपर्यंत पोचवतो तो खुळा शेतकरी. बॅच गेली की हा जुनं तूस उपसतो, शेड धुतो, चुना मारतो आणि दोन आठवडे रिकामं ठेवतो. पक्षी दाटीवाटीने भरत नाही, लसी वेळेवर देतो. शेजारी विचारतो, "रिकाम्या शेडचे पैसे कोण देतं रे?" प्रश्न खरा आहे. ते पैसे आपण द्यायला हवेत, किलोमागे चार रुपये जास्त मोजून. औषधाची चिमूट स्वस्त पडते, कारण तिचं बिल दवाखान्यात दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर फाटतं.

शेवटचा मान स्वयंपाकघरातल्या खुळीचा. ती आधी कांदा-कोथिंबीर चिरून घेते, चिकनला वेगळी पाटी वापरते, साबणाने हात धुते आणि कच्चं चिकन नळाखाली धरत नाही. सासूबाई म्हणतात, "अगं, न धुताच टाकतेस?" नीट शिजवल्यावर कुठलाही हट्टी जंतू मरतोच, नळाखाली उडालेल्या शिंतोड्यांतून मात्र तो कोशिंबिरीत जाऊन बसतो. हे तिला ठाऊक आहे, आणि ती टोमणा सोसते.

पुढच्या रविवारी त्या रांगेत एकाऐवजी दोन खुळे उभे असोत. पहिल्याच्या प्रश्नावर दुकानदार हसेल. दहाव्यांदा तोच प्रश्न आला, की तो शेडवाल्याला फोन लावेल.