मालगाडीचे काका

जपानात रेल्वेवेडे पुष्कळ, आणि त्यांच्यात पोटजातीही पुष्कळ. कोणी नुसते फोटो काढतात, कोणी नुसता प्रवास करतात, कोणी मायक्रोफोन धरून इंजिनाचा आवाज टिपतात. मालगाडीवाल्यांपासून मात्र हे सगळेच जरा अंतर राखून असतात. मालगाडीवाल्याशी दोन मिनिटं बोललं की शिंकान्सेनची, म्हणजे बुलेट ट्रेनचीसुद्धा अब्रू जाते.

मी नोकरीनिमित्त नागोयाला होतो तेव्हा कासादेरा स्टेशनावर असे एक गृहस्थ नेहमी दिसत. मी मनातल्या मनात त्यांना काकाच म्हणे. हिशेबखात्यातून निवृत्त झालेले, अंगानं किडकिडीत, डोक्यावर टोपी. फलाटाच्या टोकाला पिवळ्या पट्टीच्या आत उभे राहत, तेसुद्धा बुटांची टोकं पट्टीला समांतर ठेवून. हातात मालगाड्यांचं वेळापत्रक. हे जाडजूड पुस्तक दर मार्चला नवं निघतं आणि काका ते पंचांगासारखं वाचत: आज कोणती गाडी आहे, कोणती रद्द, बायकोला दवाखान्यात कधी नेता येईल.

त्यांचं दैवत एकच, टोयोटा लाँगपास एक्स्प्रेस. 2006 च्या नोव्हेंबरात सुरू झालेली. नागोया-मिनामी मालधक्क्यावरून निघायचं आणि सुमारे 900 किलोमीटरवरच्या मोरिओकाला मोटारींचे सुटे भाग पोचवायचे. 20 वाघिणी, प्रत्येकीवर 31 फुटी दोन कंटेनर, म्हणजे 40 डबे एका रंगाचे, एका मापाचे. बाकीच्या मालगाड्यांवर 12 फुटी छोटे डबे असतात, मधूनमधून वाघीण रिकामीही जाते. तसली गाडी आली की काका मान फिरवत. ‘‘अर्धवट,’’ एवढंच म्हणत.

‘‘तुम्हाला प्रवासी गाड्या का आवडत नाहीत?’’ मी एकदा विचारलं.

‘‘प्रवासी हा फार गैरसोयीचा माल आहे,’’ काका म्हणाले. ‘‘दारात उभा राहतो, चुकीच्या स्टेशनावर उतरतो, छत्री विसरतो. गिअरबॉक्स कधी छत्री विसरला आहे का?’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोणाकडे असेल असं वाटतही नाही.

गाडी बंदराच्या बाजूनं नागोया रिंकाई या छोट्या रेल्वेच्या डिझेल इंजिनामागे यायची. कासादेराला इंजिन बदलायचं, पुढे निळं ‘मोमोतारो’ लागायचं. वर उत्तरेला, तोहोकू भागात, लाल, दोन धडांचं ‘किन्तारो’. दोघेही जपानी लोककथांतले वीर बालक, पण काकांच्या बोलण्यात ते भावकीतल्या पुतण्यांसारखे येत: ‘‘मोमोतारो काल थोडा थकलेला वाटला.’’ इंजिन जोडून झालं, चालकानं बोट रोखून सिग्नल मोठ्यानं म्हटला, की काकाही बोट रोखून पुटपुटत. ही सवय घरापर्यंत गेली होती. काकू सांगत, निजायच्या आधी हे गॅसच्या खटक्याकडे बोट दाखवून ‘‘योशी!’’ म्हणजे ‘ठीक!’ म्हणतात, मग दाराच्या कडीला, मग मला.

एकदा ऐन क्षणी शेजारच्या रुळावरून लोकल धडधडत आली आणि 40 डब्यांपैकी 31 तिनं झाकले. पलीकडच्या पोरांनी कॅमेरे खाली करून शिव्या हासडल्या. काकांनी लोकलच्या चालकाला वाकून नमस्कार केला, वहीत ‘9 दिसले’ असं लिहिलं, आणि एका पोराला फलाटावर शिडी लावायला बंदी असल्याचं ऐकवलं. तो बिचारा शिडी घेऊन नुसता जात होता.

टोयोटाच्या कारखान्यात साठवणीचं कोठार नसतं, लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल, हे तत्त्व काकांनी मनावर घेतलं होतं. गाडीला उशीर म्हणजे तिकडे लाइन खोळंबणार. म्हणून वादळाचा इशारा आला की काकांचा रक्तदाब चढे. गाडी वेळेवर गेली की काका घरी जेवत, नाहीतर फलाटावरचा गार भात.

एका हिवाळ्यात ते खास मोरिओकाला जाऊन आले. गेले शिंकान्सेननं, तोंड वाकडं करून. आले ते महिनाभर गप्प. मग कळलं, काय झालं ते. हे सुटे भाग जिथे लागतात तो टोयोटाचा इवाते प्रांतातला कारखाना कानेगासाकीला, आणि कानेगासाकी मोरिओकाच्या अलीकडे! गाडी कारखान्याचं गाव ओलांडून पुढे जाते, डबे मोरिओकाच्या मालधक्क्यावर उतरतात, मग ट्रकवर चढून मागे, दक्षिणेला येतात.

‘‘ट्रकवर,’’ काका म्हणाले. इतक्या खालच्या आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, ‘‘धक्का मोठा तिथे आहे. गाडीचा दोष नाही.’’ मी काही बोललोच नव्हतो.

काकांच्या घरी मोटार नाही, परवानाही नाही, सायकल. पुतण्यानं टोयोटाची अॅक्वा घेतली, ती इवातेतच बनलेली. दारात उभी राहिली तेव्हा काकांनी तिला तीन चकरा मारल्या, बॉनेट उघडायला लावलं आणि एकेका भागावर बोट रोखून नावं घेतली. पुतण्या खूश. मग काकांनी विचारलं, तयार गाडी नागोयापर्यंत कशी आली?

‘‘सेंदाईहून जहाजानं,’’ पुतण्या म्हणाला.

काकांनी बॉनेट लावलं आणि सायकल काढली.