चौथा दिवा

मुंबईत टॅक्सी रिकामी आहे की भरलेली हे लोकांना कळत नाही, असा शोध कुणाला तरी लागला आणि 2020 साली टॅक्सीच्या टपावर तीन रंगांचे दिवे लावायचं ठरलं. हिरवा म्हणजे रिकामी. लाल म्हणजे आत प्रवासी. पांढरा म्हणजे चालकाची ड्युटी संपली. काचेतून आत डोकावलं की माणूस बसलेला दिसतो, ही जुनाट पद्धत त्यामुळे बाद झाली.

माझी तक्रार एकच आहे. रंग कमी पडले.

या शहरात रिकामी गाडी आणि येणारी गाडी यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे दिवेवाल्यांच्या कानावर कसं गेलं नाही? संध्याकाळी कुठल्याही उपनगरी स्टेशनाबाहेर बघा. रिक्षा रिकाम्या, चालक ड्युटीवर, आणि तुम्ही ठिकाणाचं नाव उच्चारायच्या आत त्यांच्या माना हललेल्या. तेव्हा चौथा दिवा तातडीने हवा: 'रिकामी आहे, पण तुमच्यासाठी नाही'. पाचवा: 'एअरपोर्ट असेल तर बोला'. सहावा: 'गॅस भरायचाय'. सातवा लुकलुकणारा: 'गाडी दुसऱ्याला द्यायचीय, माझ्या घराच्या वाटेवर राहत असाल तर बसा'. आठवा शेअरवाल्यांसाठी, तिसरं गिऱ्हाईक मिळेपर्यंत पेटता राहणारा. नववा खास पावसाळी, पहिली सर आली की मीटरसकट आपोआप विझणारा. एवढे दिवे टपावर मावायचे नाहीत, हे कबूल. पण गणपतीच्या मंडपासारखी रोषणाई करून अख्खी टॅक्सी रस्त्यात उभी राहिली, तर निदान ती जागची हलणार नाही हे लांबूनच कळेल आणि लोक मुकाट्याने बसच्या रांगेत जातील.

गंमत पुरे. वाहतूक कोंडीवर बोलायचं तर या नकारापासूनच सुरुवात करायला हवी. नकार कडेला थांबून कुणी देत नाही. हात दिसला की रिक्षा मधल्या लेनमधून तिरकी होते, अर्धवट थांबते, 'किधर?' विचारते, ऐकते, मान हलवते आणि पहिला गिअर टाकते. मागे बस, बसच्या मागे टेम्पो, टेम्पोच्या मागे गळा काढणारी रुग्णवाहिका. तेवढ्यात दुसरी रिक्षा तिरकी होते. एक माणूस कुठे तरी बसेपर्यंत ती लेन पुन्हा पुन्हा मरते, आणि तो माणूस अजून फुटपाथवर चढलेलाही नसतो, कारण फुटपाथवर कुणाची तरी मोटार झोपलेली असते. त्या मोटारीच्या टपावर दिवा लावा म्हणून कुणी फतवा काढल्याचं ऐकिवात नाही.

चालकाचं गणित चुकीचं आहे असंही नाही. फेब्रुवारी 2025 पासून रिक्षाचं किमान भाडं 26 रुपये, पहिल्या दीड किलोमीटरला. तेवढ्यासाठी कोंडीत घुसायचं आणि गिऱ्हाईक मिळेल न मिळेल अशा गल्लीतून रिकामं परतायचं. त्यात शीव-माहीमच्या पलीकडे रिक्षाला मज्जाव, म्हणजे दक्षिणेकडच्या लांबच्या भाड्याची आशाच नको. या गणिताला बसायला डोकं लागतं. दिव्याला वायर पुरते.

आणि कायदा? मोटार वाहन कायदा 1988 चा. भाडं नाकारणाऱ्या टॅक्सीला त्यात जास्तीत जास्त 200 रुपये दंड होता, तो 2019 च्या दुरुस्तीत 500 झाला. तीन चाकांना मात्र जास्तीत जास्त 50 रुपये होते, ते 50 च राहिले. म्हणजे दोन किमान भाडीसुद्धा नाहीत! पेट्रोल वाढलं, गॅस आला, गॅस वाढला, मीटर बदलले, भाडं वाढलं, घरं आभाळाला टेकली. नकार तेवढा जुन्या दरात. रंगांवर बैठका घेणाऱ्या एकालाही तो आकडा वाचावासा वाटला नाही, याचा संताप येतो.

की मुद्दामच ठेवला असेल? कारण मान हलवून झाल्यावर रिक्षावाला आरशातून बघतो आणि म्हणतो, 'मीटर नको, पन्नास द्या.' नकाराचा दंड 50, होकाराचा भाव 50. यातले होकाराचे तेवढे रोज, रोख आणि विनापावती वसूल होतात.