पागोळ्यांखालची रेल्वे

नेरळला घर बांधलं आणि माथेरानची गाडी आपल्या अंगणातही असावी, असं मला वाटू लागलं. खरीच्या रुळांत ६१० मिलिमीटरचं अंतर. माझी ४५ मिलिमीटरवरून तुळशीवृंदावनाला फेरी मारते. डबे-इंजिन साडेबावीस पटींनी लहान. (जाणकारांनी भागाकार करू नये, रूळ जुळत नाहीत.)

मोठ्या रेल्वेची खडी साधारण पाच सेंटिमीटरची. तिला साडेबावीसने भागलं की दोन-सव्वादोन मिलिमीटर उरतात. म्हणून क्रशरवरून बारीक कच आणली, पिठाच्या चाळणीने चाळली (त्यावर वेगळा लेख होईल) आणि रंगाच्या ब्रशने स्लीपरांमध्ये बसवली. उन्हाळाभर जो घरी आला त्याला ओणवं होऊन बघायला लावलं.

मग पाऊस आला. मी सगळं लहान केलं होतं, पाऊस तेवढा राहिला होता. टपोरा थेंब चार-पाच मिलिमीटरचा असतो. माझ्या गाडीतल्या प्रवाशाच्या मापाने सोललेला नारळच. त्यात ओटीवर बसून गाडी दिसावी म्हणून रूळ टाकले होते नेमके पागोळ्यांच्या रेषेत. वादळी रात्र सरली तेव्हा खडी भिंतीवर होती, चपलांत होती, सांध्याच्या फटीत होती. रुळांखाली तेवढी नव्हती. उरलीसुरली शेजारच्या कोंबड्यांनी टिपली. कोंबडीला दाणे दळायला पोटात खडे लागतात, हे ज्ञान मला माझ्या खर्चाने मिळालं.

मी हट्टाला पेटलो. सुतारकामाचा पांढरा गोंद पाण्यात कालवून खडीवर ओतला. पुढच्या सरीला अंगणातून दूध वाहिलं. मग कचेत सिमेंट मिसळलं. ते मात्र टिकलं. इतकं, की रुळांचा बांध झाला आणि अंगणातलं पाणी उंबरा ओलांडून थेट स्वयंपाकघरात गेलं. रात्री उलट्या झालेल्या छत्रीसह, दातांत बॅटरी धरून, मी पहारीने स्वतःचाच लोहमार्ग फोडत होतो. दारातून बायको म्हणाली, "रूळ तसूभर हलले नाहीत हो!"

आमच्या आळीतले एक काका रेल्वेत गँगमन होते. सकाळी आले, उकिडवे बसले, बराच वेळ बोलले नाहीत. हसू आवरत असावेत. खडीने रूळ जागेवर धरायचे आणि पाणीही सोडायचं. दुसऱ्या कामासाठी लागणाऱ्या फटी मी पदरमोड करून बुजवल्या होत्या. त्यांचा निकाल असा: खडी जाड, टोकदार, एकमेकींत अडकणारी, धूळ धुतलेली, कडेला चर, आणि रूळ पागोळ्यांपासून दोन हात लांब. "आणि मापाचं?" मी विचारलं. "पाऊस विचारतो का?" काका म्हणाले.

आताची खडी गाडीच्या मानाने बेढब दिसते, पण बरीचशी जागेवर राहते. २००५च्या जुलैत पावसाने माथेरानचा खरा मार्गही उखडला होता आणि गाडी पुन्हा धावायला २००७ उजाडलं, तेव्हा मी फार लाजत नाही. नेरळ ते अमन लॉज गाडी पावसाळ्यात बंद असते. तोच नियम उचलून माझं इंजिन जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कपाटात असतं. बघायचं असेल तर दिवाळीनंतर या. येताना खडी आणलीत तर फोडलेली आणा. नदीतले गुळगुळीत गोटे नकोत, ते घरंगळतात.